ओट्यावर दगड बसवण्याआधी

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, ओट्याचं काम निघालं हे फार बरं झालं. पण गवंडी म्हणतोय तशा जुन्या कडप्प्यावर काही तयारी न करता थेट ग्रॅनाइटच्या टाइल्स चिकटवू देऊ नका. खालची बैठक हलली की सांधे फुटतात आणि सिंकचं पाणी आत मुरत राहतं.

आधी सगळा कडप्पा हातोडीच्या दांड्याने ठोकून बघायला सांगा. पोकळ वाजेल तेवढा भाग काढून खालच्या चिऱ्यांवर सिमेंटमध्ये नव्याने बसवायचा. इतक्या वर्षांच्या फोडण्यांचा तेलकट थर सोड्याच्या गरम पाण्याने घासून काढायचा, मग छिन्नीने टाचे मारून दगड खडबडीत करायचा. गुळगुळीत दगड काही धरून ठेवत नाही. लेव्हल लावून उंचसखल भाग सिमेंटने भरला, तर तो थर निदान ७ दिवस ओला ठेवायचा. हवा दमट आहे म्हणून पाणी मारणं टाळू नका. टाइलखाली चिकटवायचा माल दातेरी थापीने सगळीकडे पसरायचा. नुसते ठिपके दिले की कोपरे पोकळ राहतात आणि जड पातेलं आपटलं की तिथेच तडकतात.

सुताराने सुचवलेला प्लायवुडचा तळ मला अजिबात नको वाटतो. आपल्या डिचोलीच्या पावसात बरणीतलं मीठसुद्धा पाणी सोडतं. प्लाय फुगेल, दगड फुगणार नाही, सगळा ताण सांध्यांवर येईल. त्याने फारच धरलं तर आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा, त्यावर सिमेंट बोर्ड आणि मगच टाइल. संगमरवरही नको, आमसुलाच्या आणि लिंबाच्या आंबटाने त्याची चकाकी जाते.

आई, आता तुझ्यासाठी. हा ओटा आजीच्या उंचीचा आहे, तू त्यावर वाकून वाकून कंबर धरून बसतेस. उंची बदलायची वेळ हीच, एकदा दगड बसला की काही करता येणार नाही. घरातल्या चपला घालून उभी राहा, कोपर दुमड आणि कोपरापासून खाली ४ ते ६ इंचांवर बाबांना भिंतीवर खूण करायला सांग. ती खूण तयार ओट्याची, टाइल आणि खालच्या मालाची जाडी त्यातून वजा करायची. गवंड्याला हे दोनदा सांगा, तो बैठकीचीच उंची धरेल.

गणेश चवथीआधी सगळं होईलसं वाटत नाही. मग घाई नको, काम चवथीनंतरच काढा. मी आधी येते, नेवऱ्या या वेळी जुन्या ओट्यावरच करू.

तुमची लेक