डिकीला काठीचा टेकू नको

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

गाडीच्या डिकीचं झाकण आपलं आपण वर राहत नाही, त्याला काठीचा टेकू देणं बंद करा, हे सगळं फोनवर सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा बाबा, तुम्ही "अगं चालतंय, काठी आहे की" म्हणून फोन आईकडे दिलात आणि आईनं विषय माझ्या झोपेवर नेला. म्हणून शेवटी लिहायला बसले. पत्र समोर ठेवून काम करता येतं, तेही बरंच.

मागच्या वेळी मी निघाले त्या सकाळचं सांगते. मी दारात चपला घालत होते. बाबांनी डिकी उघडली, एका हातानं झाकण वर धरलं आणि दुसऱ्या हातातली काठी खालच्या कडेवर उभी करून तिची मूठ झाकणाला टेकवली. आई वाकून माझी बॅग आत सरकवत होती. बॅगेचा पट्टा काठीला लागला, काठी घसरली आणि झाकण आईच्या खांद्याला घासून मनगटावर आलं. आई, तू "काही नाही, काही नाही" म्हणत हात पदराखाली घेतलास. पण निघताना मला जवळ घेतलंस तेव्हा मला दिसलं. तुझ्या मनगटावर बांगडीचा अर्धा गोल लालबुंद उमटला होता. खांदा मी बघितलाच नाही, तू बघू दिला नाहीस. सगळ्या प्रवासात मला दुसरं काही सुचलं नाही. वाकलेली असताना झाकण डोक्यात बसलं असतं तर?

बाबा, आपली आधीची गाडी आठवते? तिच्या डिकीला शॉकअप, म्हणजे झाकण वर तोलून धरणारी गॅसची नळकांडी, नव्हते. मागच्या सीटच्या पाठीमागे पोलादाच्या दोन लांब सळया आडव्या, एकमेकींना छेदून गेलेल्या होत्या. झाकण लावलं की सळयांना पीळ बसायचा, उघडलं की तोच पीळ सुटून झाकण वर उचललं जायचं. एकदा ते झाकण खाली यायला लागलं, तेव्हा तुम्ही सळईचं टोक एका खाचेतून पुढच्या खाचेत न्यायला घेतलंत. टोकावर पाइप चढवलात आणि जोर लावायच्या आधी थांबून मला म्हणालात, "तू जिन्यात जाऊन उभी राहा. सुटली तर तोंडावर बसेल." मी आठ-नऊ वर्षांची असेन. टॉर्च धरायला मिळणार म्हणून मोठ्या उत्साहानं आले होते. रुसून जिन्यात जाऊन बसले आणि तुम्ही टॉर्च दातांत धरून काम केलंत. मला दहा पावलं लांब उभं करणारे माझे बाबा आता आईला पडत्या झाकणाखाली वाकू देतात, हे मला खरंच बघवलं नाही. म्हणून हे स्पष्ट लिहिते आहे, रागावू नका.

आताच्या गाडीला झाकणाच्या दोन्ही बाजूंना जी काळी नळकांडी आहेत, तेच हिचे गॅसचे शॉकअप. आत दाबून भरलेला नायट्रोजन असतो आणि थोडंसं तेल. त्या गॅसच्या दाबानं चकचकीत दांडा सतत बाहेर ढकलला जातो आणि झाकण वर राहतं. दांडा जिथून बाहेर येतो तिथे सील असतं. वर्षानुवर्षं उघडझाक होऊन ते सील झिजतं आणि गॅस कणाकणानं निसटत राहतो. एके दिवशी अचानक बिघडलं असं आपल्याला वाटतं, पण जोर कित्येक महिने हळूहळू उतरत असतो. आणि गाडीच्या या शॉकअपमध्ये गॅस पुन्हा भरायची सोय नसते. त्यामुळे दुरुस्ती म्हणजे नवीन बसवणं, दुसरा मार्ग नाही.

तुम्हाला हिशोब आवडतो म्हणून तोही लिहिते. तुमच्या उजव्या नळकांड्यावर ४५० न्यूटन छापलेलं आहे. म्हणजे सुमारे ४६ किलो वजन तोलून धरण्याइतका जोर, आणि असे दोन. हलक्याशा झाकणाला एवढा जोर कशाला, असं मलाही आधी वाटलं. पण शॉकअप बिजागरीच्या जवळ जोडलेला असतो. घरातलं दार कडीपाशी न ढकलता बिजागरीपाशी ढकलून बघा, किती जोर लागतो तो. आता दांडा ८ मिलिमीटर जाड धरला, तर एवढा जोर यायला आत जवळजवळ ९० बार (बार हे दाबाचं माप) दाब हवा. टायरमध्ये आपण भरतो ती हवा साधारण सव्वादोन बार. म्हणजे टायरच्या चाळीस पट दाब, तुमच्या मनगटापेक्षा बारीक नळकांड्यात. नवीन शॉकअप हातानं दाबून बघाल तर तो तसूभरही हलणार नाही. तुमचे जुने कदाचित सहज दबतील. पण म्हणून ते रिकामे झालेत असं समजू नका. काढल्यावर त्यांना भोक पाडायचं नाही, कापायचे नाहीत, तापवायचे नाहीत. आत काय आहे ते उघडून बघायची तुमची सवय मला माहीत आहे, मला ती तुमच्याकडूनच लागली. या एका वस्तूपुरती ती बाजूला ठेवा, आणि ते जुने शॉकअप डब्यात जपूनही ठेवू नका. गॅरेजवाल्याला देऊन टाका.

आई, एका गोष्टीत तुझं बरोबर होतं आणि आम्ही दोघांनी तुझं ऐकलं नाही. "दुपारी राहतं गं वर, पहाटेच पडतं," असं तू म्हणाली होतीस. बाबा म्हणाले, भास आहे. भास नाही. गॅस थंड झाला की त्याचा दाब उतरतो. ३० अंशांवरून ५ अंशांवर गेलं की जोर सुमारे ८ टक्के कमी होतो. शॉकअप नवा असेल तर हा फरक कळतही नाही. पण जो जेमतेम तोलून धरतोय, त्याला तेवढं कमी होणं पुरतं. दुखणं सुरू झाल्याचं पहिलं लक्षण तूच ओळखलं होतंस.

आणि बाबा, दांड्यावर तुम्ही शिलाई मशीनचं तेल सोडलंय, ते कोरड्या फडक्यानं पुसून काढा. बिजागरीला तेल ठीक आहे. दांड्यावरच्या तेलाला मात्र धूळ चिकटते आणि ती धूळच सील खाते. पुसताना सीलपाशी आतून आलेला तेलकट ओघळ दिसला, तर सील गेल्याची ती खूण समजा. पकडीनं दांडा धरायचा नाही, हेही लक्षात ठेवा. त्यावर बारीकसा ओरखडा पडला तरी तो दर उघडझाकीला सीलवर कानस फिरवल्यासारखा फिरतो.

मी दोन्ही शॉकअप मागवले आहेत, घरी येतील. एकच गेला असेल तरी दोन्ही एकदम बदलायचे असतात. एक नवा आणि एक थकलेला ठेवला की झाकण एका बाजूनं उचललं जातं, त्याला पीळ बसतो आणि बिजागरीवर ताण येतो. मी निघताना फोटो काढत होते ते याचसाठी. डावीकडचे आकडे घासून गेले होते, म्हणून गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून लांबी जुळवून घेतली. लांबी मोजायची ती दांडा पूर्ण बाहेर असताना, एका टोकाला जी वाटीसारखी खोबण असते तिच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या वाटीच्या मध्यापर्यंत. "जास्त जोराचे घ्यायचेस ना" असं तुम्ही म्हणाल. मुद्दाम घेतले नाहीत. जास्त जोराचे लावले तर आईला झाकण खाली ओढवणार नाही, आणि काही दिवसांनी पत्रा वाकायला लागेल.

आता काम. सळयांची गाडी असती तर तुम्हाला हातही लावू दिला नसता, सरळ गॅरेजला न्यायला सांगितली असती. हे मात्र घरी होणारं आहे, आणि ते तुम्हीच करावं असं मला मनापासून वाटतं. पण एकट्यानं नाही. तुमचा उजवा हात कानाच्या वर जात नाही, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, मी कपडे वाळत घालताना बघितलं. तर झाकण धरायला शेजारच्या उंच मुलाला बोलवा. त्यानं फक्त झाकण धरायचं, दुसरं काही करायचं नाही, फोन आला तरी घ्यायचा नाही. आई, तू बाजूला खुर्ची घेऊन हे पत्र वाचून दाखव. झाकणाखाली यायचं नाही.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून. झाकण जाईल तेवढं पूर्ण वर न्या. तिथे शॉकअप पूर्ण लांब झालेला असतो, त्यामुळे काढताना तो उसळत नाही. अर्ध्या उंचीवर कधीही काढायचा नाही. आधी फक्त एकाच बाजूचा काढायचा, त्या जागी नवा बसवायचा आणि मगच दुसऱ्या बाजूला जायचं. दोन्ही एकदम काढले तर झाकण त्या मुलाच्या दोन हातांवर राहील.

शॉकअपच्या दोन्ही टोकांना वाटी असते आणि ती एका टोकाला गाडीवर आणि दुसऱ्या टोकाला झाकणावर बसवलेल्या गोल गोळीवर चढलेली असते. वाटीच्या पाठीवर स्प्रिंगच्या पत्र्याची छोटी क्लिप दिसेल. नखाएवढीच आहे, चष्मा लावा. तिच्याखाली बारीक चपटा स्क्रू-ड्रायव्हर घालून ती तीन-चार मिलिमीटर उचलायची, बस. पूर्ण उपसली तर उडून जाते आणि मग सापडत नाही. क्लिप तशीच उचलून धरून वाटी गोळीवरून सरळ बाहेर ओढायची. वर्षानुवर्षांची धूळ बसलेली आहे, पहिल्या ओढीला येणार नाही. थोडं डावं-उजवं हलवत ओढलं की येते. काढण्याआधी जुन्याचा एक फोटो काढून ठेवा, म्हणजे नळकांडं कुठल्या बाजूला आणि दांडा कुठल्या बाजूला हे विसरायला नको. बहुतेक गाड्यांत झाकण बंद असताना दांडा खालच्या बाजूला येतो. त्यामुळे आतलं तेल सीलपाशी उतरतं आणि सील ओलं राहतं. उलटा बसवला तरी झाकण उभं राहील, पण सील लवकर कोरडं पडेल.

गोळी फडक्यानं स्वच्छ पुसा, बोटाच्या टोकावर येईल एवढंच ग्रीस लावा. ती हलत असेल किंवा तिच्या बुडाशी पत्रा तडकलेला दिसला तर तिथेच थांबा आणि मला फोन करा, कारण मग दुखणं शॉकअपचं एकट्याचं नाही. सगळं ठीक असेल तर नव्याची वाटी गोळीवर ठेवून तळव्यानं दाबायची. टक् असा आवाज येतो, तो आला की बसली. हातोडी नको. वाटी गोळीपर्यंत पोचत नसेल तर शॉकअप दाबायच्या भानगडीत पडू नका, तो दबणार नाही. त्या मुलाला झाकण बोटभर वर-खाली करायला सांगा, बरोबर समोर येईल. मग दोन्ही टोकं ओढून बघायची, आणि त्यानंतरच दुसरी बाजू.

मी असे शॉकअप बदलले तेव्हा मला एका बाजूला वीस मिनिटं लागली होती, त्यातली पंधरा त्या क्लिपशी झटण्यात. तुमचा हात माझ्यापेक्षा सराईत आहे, पण घाई करू नका. उन्हात नको, सकाळी ऊन वर यायच्या आत करा.

झालं की झाकण हळूहळू खाली आणून, मुलाचा हात खाली तयार ठेवून, अधूनमधून सोडून बघा. वरच्या भागात सोडलं तर ते आपलं आपण वर गेलं पाहिजे. अगदी खाली, बंद व्हायच्या बेतात, ते खाली झुकणारच, तसंच करतात ते. आई, पहिले काही दिवस डिकी उघडताना चेहरा पुढे नेऊ नकोस. इतकी वर्षं तुला झाकण उचलायची सवय झाली आहे, आता ते स्वतःहून झपकन वर येईल. बंद करायलाही आधीपेक्षा जोर लागेल. हात वर पोचत नसेल तर आतल्या बाजूला एक कापडी पट्टा बांधून देते मी, पुढच्या वेळी आले की.

शॉकअप येईपर्यंत डिकी उघडूच नका. पिशव्या मागच्या सीटवर ठेवा. काठी डिकीत ठेवायची नाही, ती बाबांच्या हातात हवी. त्या सकाळी झाकणाला टेकू देऊन तुम्ही माझी दुसरी बॅग आणायला काठीशिवाय पायऱ्या उतरलात, तेही मी बघितलं आहे.

आणि आई, मनगटाचा एक फोटो पाठव. बांगड्या मागे सरकवून, उजेडात.

तुमची,
मुलगी