डिसेंबरात नको, ऑगस्टात ये

प्रिय मिलिंद,
स. न.

पत्र मिळालं. डिसेंबरात येऊन महाबळेश्वर ते नरसोबाची वाडी हा कृष्णाकाठ दोन दिवसांत उरकायचा बेत वाचून हसूच आलं. कृष्णा काय पळून चाललीय?

सुरुवात क्षेत्र महाबळेश्वरला कर. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री एकाच कुंडात पडतात. पण सावित्री कडा उतरून कोकणात जाते आणि बाणकोटला अरबी समुद्र गाठते. कृष्णा मात्र तोच समुद्र इतका जवळ असताना त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सह्याद्री पश्चिमेला तुटलेला, पूर्वेला हळूहळू उतरणारा. दुसरं करणार काय बिचारी!

वाईला मात्र मुक्कामच कर. घाटावरचा ढोल्या गणपती रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधवला. सगळे मूर्तीपुढे हात जोडून परततात. तू देवळाच्या मागे जा. तिथली भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचा लोंढा दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा म्हणून. नदी चढणार हे गृहीत धरूनच बांधलंय रे! आणि आज आपण पूररेषेत इमारती उठवतो, वर पाणी घरात शिरलं की नदीलाच बोल लावतो.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघ, आणि घाटावरच्या देवळातली वसईच्या स्वारीनंतर आलेली पोर्तुगीज घंटाही. कऱ्हाडला कोयना समोरून येऊन कृष्णेला भिडते, तो प्रीतिसंगम. पुढे सांगलीकडे, औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात, नदीत मगरी आहेत. तिथे तुझी पोहण्याची हौस आवरायची.

नरसोबाच्या वाडीला कोल्हापूरकडून येणारी पंचगंगा (महाबळेश्वरच्या देवळातली नव्हे, ही वेगळी नदी) कृष्णेला मिळते. पूर चढला की पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. हा दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नानाला गर्दी लोटते. पूर आला म्हणून गावोगावहून माणसं धावत येतात, असं दुसरीकडे कुठे पाहिलंयस? पण त्याची तारीख कॅलेंडरात नसते. पाणी वाढेल तसं ठरतं.

म्हणून म्हणतो, डिसेंबर रद्द कर. ऑगस्टात ये, चांगली आठवडाभर रजा काढून. पावसाचा जोर बघून आधी वाई करायची की थेट वाडी, ते निघायच्या आदल्या रात्री फोनवर ठरवू. छत्री आणू नकोस, वरच्या वाऱ्यात टिकायची नाही; रेनकोट आण.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
शिरीष