आई, या गोधडीत तुझाही हात आहे

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

गोधडी सुखरूप पोचली. बाबा, तुम्ही ती ज्या जुन्या सुती धोतरात गुंडाळून दिलीत, त्यातच ठेवणार आहे. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि सुताला बुरशी धरते. घडीही अधूनमधून बदलत जाईन, म्हणजे एकाच रेघेवर कापड विरणार नाही.

लहानपणापासून ही गोधडी अंगावर घेत आले, पण उलटी पसरून निवांत पाहिली ती आत्ता. वरच्या बाजूने नजर रंगांत अडकते, मागून मात्र नुसते टाके दिसतात. ते बघता बघता तीन हात वेगवेगळे ओळखू यायला लागले.

कडांचा भाग पणजीचा. तिचा धावदोरा इतका बारीक, इतका सारखा, की ओळीवरून बोट फिरवत गेलं तर कुठे अडत नाही. चारी कडांनी फिरत, चौकोनात चौकोन घालत ती मध्याकडे आली आहे. आत कापूस नाही, नुसते जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यांच्यात अडकलेली हवा. ऊब त्या हवेची. धुऊन धुऊन लुगड्यांची खळ गेलेली, म्हणून एवढ्या थरांतून सुई जाते, कोऱ्या कापडात ती अशी चालली नसती. तरीही सगळे थर एका वेळी सुईवर घ्यायचे आणि ओळ सरळ ठेवायची, हे सोपं नाही. दोरा सैल राहिला तर थर आत सरकतात, जास्त ओढला तर कापड चुरमडतं. पणजीने हे सगळं बोटांच्या अंदाजाने सांभाळलं. कुठे आखलेली रेघ नाही. मी कितीतरी वेळ त्या ओळींकडेच बघत बसले होते.

आजीचा टाका लांब आणि जरा तिरका. दिवसाची कामं उरकून, उरलेल्या उजेडात शिवलेलं असणार ते. पण रंगांची समज तिची. विटक्या हिरव्याशेजारी तिने हळदी पट्टी लावली आणि तो सगळा कोपरा उजळला. बाबा, तुमच्या शाळेच्या सदऱ्याचा निळ्या चौकटींचा तुकडा अजून तसाच घट्ट आहे बरं का.

आणि आई, तू. कोणी गोधडीचं कौतुक केलं की तू म्हणतेस, “मी काय, नुसती ठिगळं लावली.” हे मला अजिबात पटत नाही. ती ठिगळं कुठे आहेत ते बघ. बहुतेक सगळी काळ्या आणि गर्द तपकिरी नक्षीवर. जुन्या रंगाईत काळा रंग लोखंड आणि हिरड्यासारखी तुरट द्रव्यं वापरून करत, आणि तेच लोखंड पुढे सुताला खात जातं. म्हणून शेजारचा लाल शाबूत राहतो आणि काळ्या फुलाच्या जागी भोक पडतं. तू त्या प्रत्येक भोकाखाली तुझ्या जुन्या साडीचा मऊ तुकडा सरकवलास. कोरं, कडक कापड लावलं असतंस तर त्याच्या ताणाने आजूबाजूचं जुनं सूत फाटलं असतं. टाकेही इतके हलके घेतलेस की वरून दिसत नाहीत. पणजीचं काम आज माझ्या हातात आहे ते तुझ्या या ठिगळांमुळे.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात सिसिलीत शिवलेली एक रजई आहे, साधारण 1360 ते 1400 या काळातली. तिच्यावर ट्रिस्टन या युरोपातल्या जुन्या दंतकथेतल्या वीराच्या कथेतले प्रसंग भरले आहेत. त्यातल्या पात्रांची नावं आज जग वाचतं, पण शिवणाऱ्या हातांची नावं कोणालाच माहीत नाहीत. ते आठवलं आणि मला आपल्या गोधडीची काळजी वाटली. माझ्यानंतर जो कोणी ही उघडेल, त्याला तुम्ही तिघी कळायला हव्यात. तिघी तीन वेगळ्या घरांतून आलात आणि एकाच कापडावर बसलात.

म्हणून एक मागणं आहे. जुन्या मऊ कापडाच्या एका पट्टीवर तिघींची नावं तू दोऱ्याने भर, तुझ्या हाताने. शाईने नको, ती पसरते. पट्टी आपण फक्त अस्तराला टाचू, म्हणजे वरच्या बाजूला सुई लागणार नाही. तुझं नाव मात्र गाळायचं नाही, आणि बाकीच्या दोघींइतक्याच अक्षरांत घालायचं.

मधल्या चौकोनाजवळ वीतभर दोरा उसवला आहे. मशीनवर मारून घ्या असं मला एकदोघांनी सुचवलं, पण मशीनचा घट्ट, दाट टाका जुन्या सुताला कापेल. पुढच्या भेटीत तू शेजारी बस आणि सांगत जा, मी शिवते. तुझ्या डोळ्यांना ताण नको. तोवर ती जागा दुमडणार नाही.

बाबा, पणजीचं माहेरचं नाव तुम्हाला नक्की माहीत असेल. ते फोनवर सांगू नका, कागदावर लिहून पाठवा, म्हणजे आईला पट्टीवर ते अचूक भरता येईल. तिच्याबद्दल आणखी काही आठवलं तर तेही त्याच कागदावर लिहा, कितीही लांबलं तरी चालेल.

तुमची,
लेक