स्वच्छ आकाश, पण डोंगरामागची हवा?

महोदय,

विमानाला हादरे बसल्याची बातमी आली की 'आकाश स्वच्छ असताना अचानक' हे शब्द तिच्यात हमखास असतात. डोंगराळ मुलखावर स्वच्छ आकाशाचा भरवसा धरता येत नाही. ५ मार्च १९६६ रोजी टोकियोहून हाँगकाँगला निघालेले बोइंग ७०७ फुजी पर्वताजवळ हवेतच मोडले आणि १२४ जणांचा बळी गेला. दिवस निरभ्र होता. शिखरावर मात्र ६० ते ७० नॉटचा (ताशी सुमारे ११० ते १३० किलोमीटर) वारा होता आणि विमान पर्वताच्या आडोशाच्या बाजूने चालले होते.

स्थिर वातावरणात वाऱ्याबरोबर डोंगर चढणारी हवा थंड होते, म्हणून भोवतालच्या हवेपेक्षा जड. माथा ओलांडताच ती खाली येते, वेगात मूळ पातळीच्याही खाली जाते, तापते आणि पुन्हा उसळते. हीच पर्वतलहर. अशा एका हेलकाव्याला साधारण १० मिनिटे लागतात. वारा सेकंदाला २० मीटर असेल तर तेवढ्यात हवा १२ किलोमीटर पुढे जाते. हीच लहरीची लांबी. वारा वाहत राहतो, लहर मात्र जागची हलत नाही. हवेत दमटपणा असेल तर लहरीच्या माथ्यावर भिंगासारखे ढग तासन्‌तास एकाच जागी दिसतात. हवा कोरडी असेल तर वैमानिकाला डोळ्यांनी काहीच कळत नाही. लहरीच्या माथ्याखाली, जमिनीपासून फार उंच नाही अशा ठिकाणी, आडव्या अक्षाभोवती भोवरा फिरतो. उतरणाऱ्या विमानाला सर्वांत मोठा धोका त्याचा. वर विरळ हवेत लहर वाढत जाते आणि शेवटी फुटते.

पावसाळ्यातल्या प्रत्येक हादऱ्याचे खापर सह्याद्रीवर फोडणेही चूक आहे. तेव्हा पश्चिमेचा वारा साधारण ६ किलोमीटरपर्यंतच असतो, त्यावर पूर्वेचा. दोहोंमधल्या शून्य वाऱ्याच्या थरापलीकडे डोंगराच्या लहरी जात नाहीत. १०-११ किलोमीटरवरच्या विमानाला हादरवतात ते उंच वाढलेले ढग. हिवाळ्यात हिमालयावर उलटे: पश्चिमेचा वारा १२ किलोमीटरपर्यंत वाढतच जातो आणि लहरींना वरची वाट मोकळी असते. लेह-श्रीनगरच्या प्रवाशांनी पट्टा पूर्ण वेळ बांधून ठेवावा.

बातमीदारांना विनंती, की घटनेच्या वेळी शिखराच्या उंचीवर वारा किती व कोणत्या दिशेचा होता, हे विचारून छापावे. तो २५ नॉटहून अधिक आणि डोंगररांगेला जवळपास काटकोनात असेल, तर पहिला संशय पर्वतलहरींवर घ्यावा.

— हवामानशास्त्राचा एक अभ्यासक, पुणे