होडी आता मी लावतो

ती. आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही ताईकडे आहात, आणि मी तिला फोनवर सांगितलेलं तिने तुम्हाला अर्धंच सांगितलं असणार, म्हणून लिहितो. पुण्याची नोकरी मी सोडली. खोलीही रिकामी करून गावी आलो. बाबा, रागावू नका. खोलीचं भाडं, मेस नि गाडीचा हप्ता जाऊन हातात काय उरायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि लाकडी होडी वाळत पडली की फळ्या उकलतात, हे तुमचंच म्हणणं.

काल काकांच्या धाकट्याला घेऊन मालवणच्या दांडी किनाऱ्यावरून निघालो. पहाटेचा मतलई वारा, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, छान होता. किल्ला उजवीकडे ठेवून, पाण्यातली खडपं चुकवून, तुमच्या खुणेवर आलो आणि आठ वाव, म्हणजे सुमारे पन्नास फूट, खोल पाण्यात कांडाळी, म्हणजे मासे कल्ल्यात अडकवणारं जाळं, सोडली. जाळं भिजेपर्यंत सुंगटं, म्हणजे कोळंबी, लावून गरी टाकली, एक तांबोशी मासा लागला. मग जाळं ओढलं तर बांगडा! हिरव्या पाठीवरच्या रेषा उन्हात लखलखत होत्या. तुम्ही दाखवलं होतं तसा एकेक मासा डोक्याकडून पुढे ढकलून सोडवला. शेपटीकडून ओढला की कल्ला फाटतो आणि लिलावात भाव पडतो. खारा वारा वाढायच्या आत किनाऱ्याला लागलो.

मासा पूर्वीसारखा नाही, हे तुम्ही म्हणाल. एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे ओढून घेणाऱ्या मासेमारीला २०१७ पासून बंदी आहे, तरी रात्री तो उजेड दिसतो. पण आपण किनाऱ्यालगतच राहणार, खर्चही कमी. १ जून ते ३१ जुलै पावसाळी मासेमारी बंदीत जाळी दुरुस्त करीन. लाईफ जॅकेट घातल्याशिवाय होडी ढकलत नाही, आई.

बाबा, लहानपणी माझ्या कमरेला दोरी बांधून दुसरं टोक तुम्ही स्वतःच्या पायाला बांधायचात. मी झोपलो तरी तुम्ही पाय हलवायचा नाहीत. त्या भरवशावर मी समुद्राला कधी घाबरलोच नाही. म्हणूनच सांगतो, आता रात्री एकट्याने जाळं टाकायला जायचं नाही. होडी तुमचीच, खुणाही तुमच्याच. सकाळी वाटेल तेव्हा माझ्यासोबत या, सुकाणू तुम्हीच धरा.

इथलं सगळं ठीक आहे. तुळशीला पाणी घालतो, मांजर चुलीपाशीच निजते, आई, तुझी पाट्यावर वाटायची मिरची उन्हात घालून डब्यात भरली. शेजारच्या काकी भाकरी देतात, उपाशी नाही.

आता ऐका. बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब वेळेवर घाला, डोळ्याला पाणी लागू देऊ नका, वाकून काही उचलू नका, काळा चष्मा ताई सांगेल तोवर काढू नका. आई, तू गुडघ्याला तेल चोळून घे, आणि ताईच्या घरी सगळी भांडी तूच घासत बसू नकोस. डॉक्टर हो म्हणाले की लगेच फोन करा. तिकिटं मी काढतो, तुम्ही रांगेत उभं राहायचं नाही. कुडाळ स्टेशनवर मी असेन.

तुमचा,
बाबू