गच्चीवरच्या टाकीच्या सेन्सरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : टाकीतला प्रेशर सेन्सर चुकीचा बसवल्याबाबत

महोदय,

फोंडा येथील आमच्या गृहनिर्माण संस्थेने आपल्याकडून गच्चीवरच्या टाकीसाठी पाण्याच्या दाबावरून पातळी मोजणारा, पाण्यात बुडवायचा प्रेशर सेन्सर, डिस्प्ले आणि पंपाचा ऑटोमॅटिक पॅनेल घेतला. पावती व वॉरंटी कार्डाच्या प्रती सोबत आहेत.

टाकीची उंची 150 सेंटिमीटर. पावसाची सर येऊन गारवा आला की डिस्प्लेवर पाणी चढते, ऊन पडले की उतरते. टाकीत ना थेंब आला, ना गेला. दुपारी भरलेल्या टाकीला सेन्सर पाऊण म्हणतो, पंप सुरू होतो आणि पाणी जिन्यावरून खाली. पहाटे उलट. टाकी तळाला, डिस्प्ले मात्र पाव टाकी दाखवून निवांत.

आपल्या सेवा केंद्राचे उत्तर, 'तुमच्या पाण्यात क्षार असतील.' अहो, मिरामारहून समुद्राचे पाणी आणून ओतले तरी ते गोड्या पाण्याहून जेमतेम अडीच टक्के जड. आमच्या टाकीत त्याने फरक पडेल तो चारेक सेंटिमीटरांचा. आणि क्षार काही पहाटे वाढून दुपारी कमी होत नाहीत.

शेवटी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत इन्स्ट्रुमेंटेशनचे काम करणाऱ्या एका सभासदांनी जंक्शन बॉक्स उघडला. सेन्सरच्या केबलमध्ये वायरींच्या जोडीला एक बारीक पोकळ नळी असते. सेन्सरच्या पडद्यावर पुढून पाण्याचा आणि त्यावरच्या हवेचा दाब येतो. मागून या नळीतून बाहेरची हवा पोचते, म्हणजे हवेचा दाब वजा होऊन नुसत्या पाण्याचा उरतो. आपल्या तंत्रज्ञाने नेमके या नळीचे तोंड सिलिकॉन थापून बंद केले आहे. पावसाचे पाणी शिरू नये म्हणून केले असेल, पण त्याने सेन्सरच निकामी झाला. कोंडलेली हवा 10 अंशांनी तापली तर तिचा दाब सुमारे 33 मिलिबारने, म्हणजे तेहतीसेक सेंटिमीटर पाण्याइतका वाढतो आणि डिस्प्ले तेवढी पातळी कमी दाखवतो. टाकीतला भाग थंड राहत असल्याने पूर्ण एवढा फरक पडत नाही. पण बाकीची केबल गच्चीवर उन्हात उघडी पडली आहे, तेवढे पुरते.

सिलिकॉन आम्ही काढलेले नाही, फक्त फोटो घेतले. उद्या 'तुम्हीच हात लावला' ऐकायला नको.

केबलसह सेन्सर बदलून द्यावा. आत दमट हवा कोंडली आहे, तेव्हा नुसते सिलिकॉन खरवडून भागणार नाही. नव्या नळीच्या तोंडाशी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची डबी बसवावी आणि जेल कधी बदलायची ते लिहून द्यावे. रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळा टाकी पट्टीने मोजून डिस्प्लेशी ताडून दाखवावी. झिरो सेट करून निघून जाणारा माणूस पुन्हा पाठवू नये. सगळा खर्च कंपनीचा. दाद न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा आयोगाकडे जावे लागेल.

चवथीला निम्मी इमारत आपापल्या गावी जाते. तेव्हा टाकी वाहू लागली तर वर जाऊन पंप बंद करायला कोणी नसते. काम त्याआधी व्हावे.

आपला,
सचिव