तलाव सजवा, पण गळवाल्यांना काठावर थोडी जागा ठेवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दसरा झाला, परतीचा पाऊस पण बहुतेक आटोपला, आणि ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी सगळीकडे संध्याकाळी गळ घेऊन पाण्याकडे निघालेली माणसं परत दिसायला लागलीत. कुणाचा श्रावण असतो, कुणाचं नवरात्र असतं, शिवाय पाणी गढूळ, म्हणून हौशी लोक इतके दिवस घरीच असतात, पण कोजागिरीच्या आसपास पाणी निवळलं की कुणी थांबत नाही. रिक्षावाले असतात, शिफ्ट सुटलेले कामगार असतात, रिटायर झालेले आजोबा असतात, कॉलेजची पोरं असतात. या सगळ्यांच्या वतीने हे पत्र लिहितेय, थोडं लांबलंय पण कृपया कापू नका.

मी कळव्याला राहते, नोकरी करते, आणि संध्याकाळी वेळ मिळाला की गळ टाकते. बाई माणूस गळ घेऊन बसलीय याचं लोकांना अजून नवल वाटतं, पण वडिलांनी लहानपणी शिकवलं ते सुटलं नाही आणि सुटावं असंही वाटत नाही.

आमची मागणी एकच आहे. तलावांचं आणि खाडीकिनाऱ्याचं सुशोभीकरण करताना गळ टाकणाऱ्यांसाठी काठाचा एक तुकडा मोकळा सोडा. पूर्ण काठ नको, बोटिंगच्या बाजूला नको, देवळाच्या घाटावर नको, कुठेतरी एका कोपऱ्यात चार पायऱ्या पाण्यापर्यंत उतरत्या ठेवा आणि तिथे रेलिंग लावू नका, बास.

आज काय होतंय ते सांगते. परवा एका तलावावर (नाव लिहीत नाही कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच आहे) सत्तरीचे एक आजोबा रेलिंगच्या फटीतून काठी बाहेर काढून बसले होते. सिक्युरिटीवाला आला, म्हणाला, "ओ बाबा, उठा, इथे बसायचं नाही, वर कॅमेरा आहे." आजोबांनी शांतपणे विचारलं, "मग कुठे बसू ते तरी सांग ना बाळा." त्याच्याकडे उत्तर नव्हतं, तो त्याची ड्युटी करत होता, त्याच्यावर माझा राग नाही. राग याचा आहे की प्लॅन काढताना जॉगिंग ट्रॅकला जागा निघाली, ओपन जिमला निघाली, सेल्फी पॉइंटला, कारंज्याला, लायटिंगला, स्टॉलला निघाली, आणि तलावावर पिढ्यान् पिढ्या जे संध्याकाळी बसत आलेत त्यांच्यासाठी फक्त "मासेमारीस सक्त मनाई" असा बोर्ड निघाला. ठाण्याला आपण तलावांचं शहर म्हणतो, आज 35 च्या आसपास तलाव उरलेत, त्यात पाण्याला हात लागेल असा काठ किती ठिकाणी आहे ते एकदा फिरून बघा.

मनाईचं कारण विचारलं की सांगतात मासे संपतील. हे कारण गळाला लागू होत नाही. रोहू, कटला, मृगळ हे वाहत्या नदीचे मासे, पावसाळ्यात पूर आला की नदीत अंडी घालतात, साचलेल्या तलावात त्यांची वीण होत नाही, म्हणून तलावात जो रोहू असतो तो कुणीतरी बीज सोडलेला असतो. जिथे मच्छीमार संस्थेने ठेका घेऊन बीज सोडलंय तिथे त्या माशावर त्यांचाच हक्क, तिथे आम्ही त्यांना विचारून बसू किंवा बसणार नाही, यात वादच नाही. पण शहरातल्या बहुतेक तलावांत संध्याकाळी गळाला काय लागतं तर चिलापी. ही मासळी मूळ आफ्रिकेतली, 1952 साली भारतात आणली, साचलेल्या पाण्यात भराभर वाढते, मादी पिल्लं तोंडात घेऊन फिरते म्हणून ती वाचतात पण खूप, आणि आपल्या इथल्या माशांचं खाणं आणि जागा दोन्ही खाते. अशी गळाने धरलेली पिशवीभर चिलापी कमी झाली तर तलावाचं नुकसान काय होणार? नुकसान करायचं तर जाळं लागतं, ब्लीचिंग लागतं, बॅटरीचा करंट लागतो, आणि ती कामं करणारे लोक संध्याकाळी सगळ्यांसमोर काठावर बसत नाहीत, ते रात्री येतात.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. तलावाची तब्येत सगळ्यात आधी कुणाला कळते तर गळवाल्याला. तासन् तास तो एका जागी पाण्याकडेच बघत असतो. दिवसभर ऊन असतं, पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं, म्हणून संध्याकाळी पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो आणि ऊन उतरलं की मासा काठाला चरायला येतो, ऑक्टोबर हीटमध्ये तर दुपारी मासा खोल पाण्यात असतो आणि पाच वाजल्यानंतरच हलतो. रात्री मात्र शेवाळसुद्धा ऑक्सिजन घेतं, मासेही घेतात, आणि पहाटे तो सगळ्यात कमी होतो. त्यात विसर्जनाचं निर्माल्य तळाला कुजत असेल किंवा गटाराचं पाणी आत येत असेल तर एखाद्या पहाटे तो पार संपतो आणि सकाळी वॉकला आलेल्यांना मेलेल्या माशांचा थर दिसतो, मग बातमी येते, फोटो येतात. पण त्याच्या आधी दोन-तीन दिवस संध्याकाळीच मासा वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतो, आमिषाला तोंड लावत नाही, हे काठावरच्या प्रत्येकाला दिसत असतं. मरळ आणि मांगूर हवा घेऊ शकतात म्हणून ते टिकतात, आधी कटला-रोहू जातात. या वेळी कुणी ऐकणारं असेल, एरेटर (पाण्यात हवा सोडणारं यंत्र) चालू केला, कारंजं रात्रभर चालवलं, येणारं घाण पाणी अडवलं तर मासे वाचू शकतात. आज आम्ही सांगायचं कुणाला? ज्याला सांगायचं तोच आम्हाला उठवायला येतो.

कृत्रिम तलावात विसर्जन करायची पद्धत ठाण्यात बऱ्याच वर्षांपासून आहे आणि त्याने तलावांचा भार खूप हलका झालाय, हे मनापासून मान्य आहे, ज्यांनी सुरू केलं त्यांचे आभारच मानायला हवेत. तीच काळजी वर्षभर घेतली जावी एवढंच म्हणणं आहे.

शहरात बसू देत नाहीत म्हणून लोक आता नदीवर जायला लागलेत. कर्जत लाइनला बदलापूर, वांगणीला उल्हासवर, कसारा लाइनला टिटवाळ्याला काळूवर, खडवलीला भातसावर. शनिवारी दुपारच्या लोकलला लगेजच्या डब्यात काठीच्या लांब पिशव्या दिसतात त्या याच लोकांच्या. नदी या दिवसांत खरंच सुंदर असते, पुरात जलपर्णी वाहून गेलेली असते, पाणी वाहतं आणि स्वच्छ दिसतं, थंडीत प्रवाह मंदावला आणि सांडपाण्याचं खत मिळत राहिलं की परत मोहन्याकडे, कांब्याकडे हिरवा गालिचा पसरतो. पण नदीवर जाणाऱ्या नवीन पोरांना एक कळकळीने सांगायचंय, आश्विनात दुपारनंतर ढग भरून आले तर लगेच गाशा गुंडाळा. आजकालचे ग्रॅफाइटचे रॉड वीज वाहून नेतात, उघड्या काठावर असा उंच रॉड हातात धरून उभं राहायचं नाही. आणि आपल्याकडे ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस पडला असेल तर पाणी बघता बघता वाढतं, मधल्या खडकावर जाऊन बसायचं नाही. खडवलीला बुडण्याच्या बातम्या दर वर्षी वाचतो आपण. घराजवळच्या तलावावर पायऱ्या असत्या, उजेड असता, चार माणसं आजूबाजूला असती तर यातली निम्मी पोरं तिकडे गेलीच नसती असं मला वाटतं.

खाडीचं गणित आणखी वेगळं. तिथे घड्याळ चालत नाही, तिथी चालते. चेंदणी कोळीवाड्यातल्या एका काकांनी मला लहानपणी शिकवलं होतं की तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि संध्याकाळी पूर्ण सुकती, समोर नुसता चिखल. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी पोचायला आणखी थोडा वेळ लागतो तो धरायचा. म्हणून संध्याकाळी गळ टाकणाऱ्याला उधाणाचे दिवस उपयोगाचे नाहीत, पंचमी-षष्ठीपासून नवमीपर्यंतचे भांगाचे (लहान भरती-ओहोटीचे) दिवस चांगले, पाण्याला ओढ कमी असते, कोळंबी लावली की काळुंदर येतो, शिंगाळा येतो, नशीब असेल तर जिताडा. जिताड्याबद्दल एक सांगते जे बऱ्याच जणांना माहीत नाही, हा मासा लहान असताना नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, म्हणजे खाडीतला मोठा जिताडा बहुतेक मादीच. फोटो काढून सोडून देता आला तर बघा.

नवी मुंबईत दिवाळे, सारसोळे, घणसोली, ऐरोली इथले कोळी आणि आगरी लोक ही खाडी पिढ्यान् पिढ्या जगतायत, आम्ही हौशी लोक त्यांच्यानंतर. खाडीचा एक भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसरचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला, त्याचा आम्हाला अभिमान आहे. अभयारण्याच्या हद्दीत जिथे बंदी आहे ती पाळलीच पाहिजे, पण हद्द कुठून कुठे ते किनाऱ्यावर मराठीत लिहिलेलं असावं. आणि सिडकोने बांधलेले होल्डिंग पाँड आहेत, ज्यात भरतीचं पाणी झडपांमधून आत-बाहेर व्हावं असं डिझाइन होतं, तिथे गाळ भरलाय, पाणी खेळत नाही. पाणी आत आलं नाही तर बोय माशाची पिल्लं पण आत येत नाहीत, आणि मासा नाही तिथे बगळा, खंड्या, पाणकावळा कशाला येईल.

आता आमच्याच लोकांना दोन शब्द, कारण जागा मागायची तर शिस्त पण दाखवायला हवी. तुटलेला तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) काठावर टाकून जाऊ नका. तो वर्षानुवर्षं कुजत नाही, बगळ्याच्या पायात अडकतो, पक्षी झाडाला लटकून मरतो, मी स्वतः असा बगळा सोडवलाय आणि त्याचा पाय कापला गेला होता. तंगूस गुंडाळून खिशात घाला आणि घरी कचऱ्यात टाका. गळ, शिसे, पिठाच्या पिशव्या, पावाचे कागद, बाटल्या काही मागे ठेवू नका. दारू पिऊन बसणाऱ्यांना आपणच उठवायला शिका, त्यांच्यामुळेच सोसायट्यांच्या तक्रारी जातात आणि भोगतो सगळे. या दिवसांत रोहू-मृगळची यंदाचीच बोटभर पिल्लं नदीत असतात, ती हात ओला करून सोडून द्या, कोरड्या हाताने धरली तर अंगावरचा चिकट थर निघतो आणि मासा नंतर मरतो. आणि नाल्याचं किंवा कारखान्याचं पाणी मिळतं तिथला मासा घरी नेऊ नका, लहान मुलांना तर अजिबात देऊ नका.

प्रशासनाकडे मागताना पण स्पष्ट मागते. प्रत्येक मोठ्या तलावावर एक ठरलेला कोपरा, दुपारी 4 ते रात्री 8, फक्त गळ, जाळं नाही. बोर्डावर नुसती मनाई न लिहिता काय चालेल ते लिहा. तंगूस टाकायला झाकणाचा वेगळा डबा ठेवा. मेलेले मासे, विषारी पाणी, रात्रीचं जाळं, करंट यासाठी एक फोन नंबर त्याच बोर्डावर द्या आणि तो उचलणारा माणूस असू द्या. पाण्यात विष किंवा स्फोटक टाकून मासे मारणं 1897 च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, पण गळवाल्या आजोबांना उठवायला जेवढी तत्परता दिसते तेवढी त्या लोकांच्या बाबतीत मी अजून पाहिली नाही. हवं तर ओळखपत्र द्या, वर्षाची माफक फी घ्या, आम्ही भरू. आणि काठ बांधताना सगळीकडे सरळ काँक्रीटची भिंत उभी करू नका, थोडा उतार आणि गवत राहू द्या, माशाची पिल्लं तिथेच लपतात.

पुढच्या सुशोभीकरणाची टेंडरं निघायच्या आधी निदान एका तलावावर हे करून बघावं, आणि आम्ही नियम पाळतो की नाही ते संबंधित अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बघावं. दिवाळी होईपर्यंत आम्ही रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या काठावर असतोच.

आपली नम्र,
एक वाचक, कळवा (ठाणे)